ओल्या मातीचा नमुना

चि. ईरा आणि चि. अमेय,

आत्याआजीची शोकसभा तुम्ही दोघांनी फोनवरून पाहिलीत. आवाज मध्ये मध्ये तुटत होता, तरी ईरानं नेमकं ते वाक्य ऐकलं. आत्याआजीचा एक जुना विद्यार्थी म्हणाला, "मॅडमचा आयुष्यात एकच अहवाल चुकला, आणि तो चुकला हे सांगायला त्या स्वतः गावात गेल्या." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पहिल्या रांगेत होते. मीही डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ईराचा फोन आला. "आजी, आत्याआजीचं काय चुकलं होतं गं?" मी म्हटलं, सवडीनं लिहिते. सवड काढायला मला आठ दिवस लागले. काल एक माणूस घरी येऊन गेलं आणि आता टाळणं शक्य नाही.

मी सगळी नोकरी मुलींना इंग्रजी निबंध शिकवण्यात घालवली. आधी मुद्दे, मग परिच्छेद, मग समारोप. हे पत्र तसं जमत नाही. तुम्हाला लिहायला बसले की दोन ओळींनंतर मी तिच्याशीच बोलायला लागते. तेव्हा पुढचं सरळ तिलाच लिहिते. तुम्ही शेजारी बसून वाचा. तुमच्या आजोबांची ती धाकटी बहीण, माझी नणंद, शेतकी कॉलेजात माती शिकवणारी, आणि माझ्या लग्नापासून याच घरात माझ्याबरोबर राहिलेली. एवढी ओळख पुरे. उरलेली वर्तमानपत्रात छापून आली आहे.

शरयू,

लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी मी तुला "वन्सं" अशी हाक मारली, तेव्हा तू ओट्याशी उभी राहून चहाच्या गाळण्यातून चिखल गाळत होतीस. मागे न बघता म्हणालीस, "वन्सं कोण? इथं शरयू राहते. आणि हे गाळणं आता चहाला घेऊ नकोस." मी त्याच दुपारी जाऊन दोन गाळणी आणली आणि एकावर लाल दोरा बांधला. आपलं नातं तिथंच ठरलं. तू चिखल आणायचीस आणि मी दोरा बांधायचे.

तुझ्या बाटल्या सगळीकडे असत. लोणच्याच्या, मधाच्या, मोरावळ्याच्या. तू त्यांच्यावर पेन्सिलीनं लिहायचीस, "खालची, वास येणारी." मी त्यावर गाव, शेत, खोली, तारीख अशी पट्टी चिकटवायचे.

"वहिनी, पट्टी लावली म्हणून माती शहाणी होत नाही."

"आणि नाही लावली म्हणून फडताळातल्या तीन बाटल्या कुठल्या, ते तुलाही सांगता येत नाही."

त्या तीन बाटल्यांवरून आपण किती वर्षं भांडलो! परवा त्या मी पुन्हा पाहिल्या. अजून अनोळखीच आहेत.

पाणी साचलेल्या मातीत काय घडतं, ते तू मला स्वयंपाकघरात शिकवलंस. मी तांदूळ निवडत होते. तू म्हणालीस, "भाताच्या खाचरात पाणी भरलं की थोड्याच दिवसांत खालच्या मातीतली हवा संपते. पण मातीतले जीव मरत नाहीत. ते हवेऐवजी गंज वापरायला लागतात. आपली डोंगरातली माती लाल कशानं? लोखंडाच्या गंजानं. कोरड्या मातीत हा गंज आर्सेनिकला कुलपासारखा धरून ठेवतो. पाण्याखाली गंजच विरघळला की कुलूप गेलं."

"मग किल्ली कशाला?" मी विचारलं.

"लागतच नाही. तेच सांगतेय. आणि वहिनी, माती हे एक वस्तूचं नाव नाही. तीच माती ओली असताना एक वागते, वाळली की दुसरी."

हे वाक्य मी ऐकलं होतं. ते समजलं असं मला वाटलंही होतं. पुढचं सगळं त्यातून झालं.

सोनीबाई पहिल्यांदा आपल्याकडे आली तेव्हा तू निवृत्त होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. नाशिकहून पेठच्या पुढे गेलं की लागणाऱ्या एका पाड्यावरची ती. तिच्या भाचीला तू कॉलेजात शिकवलं होतंस, तो धागा धरून आली. पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या भाताच्या लोंब्या काढून तिनं टेबलावर ठेवल्या.

"बाई, ह्या बघा. लोंबी मान खाली घालीत नाय. दाणाच नाय त्यात. वरच्या वावरात नागली लय झ्याक हाय, आन खालची खाचरं अशी ताठ उभी."

तू लोंबी हातात घेतलीस, नखानं दाणा फोडलास. आत काही नव्हतं. तुझ्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते मी तेव्हा कुतूहल समजले. आज वाटतं, ती भीती असावी.

"खत काय घातलंत?"

"टेकाडावर कोंबड्यांची शेड झाली ना, तिथलं कोंबडखत. फुकाट देत्यात. समदा पाडा न्हेतो."

"आणि कोंबड्यांना खायला काय?"

"आता ते मी कशाला खाऊन बघू?" सोनीबाई म्हणाली, आणि तुम्ही दोघी हसलात.

पुढच्या आठवड्यात आपण जीपनं गेलो. शेडवाला साधा माणूस होता. त्यानं खाद्याची रिकामी गोणी उलटी करून दाखवली. बारीक अक्षर वाचायला तू ती माझ्यापुढे धरलीस, कारण चष्मा तू नेहमीप्रमाणे घरी विसरली होतीस. कोंबड्यांना पोटाचा रोग होऊ नये, वजन भरावं म्हणून खाद्यात एक औषध मिसळलेलं होतं, आणि ते आर्सेनिकचं होतं. आपल्या जुन्या गोष्टींतला सोमल, पण कार्बनशी जोडलेला. सेंद्रिय आर्सेनिक म्हणतात त्याला. मी म्हटलं, सेंद्रिय म्हणजे चांगलंच ना? तू म्हणालीस, "सेंद्रिय म्हटलं की तुला गूळ आठवतो."

परतीच्या वाटेवर तू समजावलंस. कोंबडीच्या पोटातून हे औषध जवळजवळ जसंच्या तसं बाहेर पडतं. त्या रूपात ते फारसं विखारी नसतं. कोरड्या वावरात ते हळूहळू मोडतं आणि निघालेलं आर्सेनिक गंज धरून ठेवतो, म्हणून नागली, म्हणजे आपली नाचणी, ठीक. पण पाण्याखालच्या मातीतले जीव त्याच्या अंगावरची कार्बनची झूल भराभर उतरवू लागतात आणि आतून निघतो तो सोमल. वर त्याला अडवायला गंजही उरलेला नसतो. मग काही जीव त्याच्यावर पुन्हा वेगळी, छोटी झूल चढवतात, आणि ते रूप मुळातून थेट लोंबीपर्यंत चढून दाणा भरूच देत नाही. "रिकामी लोंबी कशाला वाकेल?" तू म्हणालीस. "पण मला असं वाटतं म्हणून चालणार नाही. मोजायला हवं."

नमुने घेतानाची तू मला अजून दिसतेस. गुडघाभर चिखलात, साडी खोचलेली, बाटली पाण्याखाली दाबून धरलेली, आणि झाकणही पाण्याखालीच फिरवणारी. "हवेचा बुडबुडा नको, वहिनी. एकसुद्धा." मी बांधावर बसून पट्ट्या लिहीत होते. सोनीबाई म्हणाली, "बाई, मासं धरताय का चिखल?" सहा बाटल्या भरल्या. आत काळपट राखाडी माती, वर खाचराचं पाणी. घरी आणून तू त्या फ्रिजमध्ये ठेवल्यास, दुधाच्या शेजारी, आणि मी त्या दुधापासून लांब सरकवल्या.

तिसऱ्या दिवशी तुला ताप भरला. टायफॉइड निघाला, तुला दवाखान्यात ठेवलं. सलाइन लावलेल्या हातानं तू मला खुणावलंस आणि एवढंच म्हणालीस, "माती तपासायला दे. उशीर नको."

मुलांनो, आता नीट वाचा. शरयू, तूही.

मी तपासणीच्या ठिकाणी फोन केला. त्यांनी त्यांच्या छापील सूचना वाचून दाखवल्या. नमुना सावलीत वाळवावा, खडे व मुळं काढावीत, कुटून चाळावा, कापडी पिशवीत भरून नावनिशीसह द्यावा. सगळ्या महाराष्ट्रात माती अशीच दिली जाते, आणि एरवी ते बरोबरच आहे. मी बाटल्यांतलं पाणी मोरीत ओतलं. गच्चीवरच्या खोलीत सहा ताटांत माती पसरली, वर जुन्या साडीचं पातळ कापड. रोज दोनदा हलवली. वाळल्यावर कुटली, आणि लाल दोऱ्याचं गाळणं अपुरं वाटलं म्हणून वस्त्रगाळ केली. सहा पिशव्या शिवल्या. सुवाच्य अक्षरात नावं घातली. बाटल्या घासून लखलखीत करून पालथ्या घातल्या. तुला किती बरं वाटेल, असं मनात म्हणत होते.

अहवाल आला तेव्हा तू घरी येऊन अंथरुणावर होतीस. मातीतलं सुटं आर्सेनिक नगण्य. तू तो दोनदा वाचलास. "मग माझंच चुकलं," म्हणालीस आणि मला आत जाऊन फोन आणायला सांगितलंस. सोनीबाईला म्हणालीस, "मातीत दोष दिसत नाही. बियाणं बदलून बघा."

पुढच्या साली पाड्यावर ज्यांनी घाबरून कोंबडखत थांबवलं होतं त्यांनीही ते घातलं. नाशिकच्या बाईंचा कागद आहे, असं सोनीबाईनंच सगळ्यांना सांगितलं होतं. दसऱ्याच्या सुमारास ती पुन्हा आली. या वेळी लोंब्या वर्तमानपत्रात नव्हत्या, भारा होता. तिनं तो टेबलावर न ठेवता दारातच टाकला आणि चहा न घेता गेली.

आपण जेवायला बसलो होतो. तू घास हातात धरून म्हणालीस, "वहिनी, गेल्या वर्षी माती दिलीस तेव्हा तिचा रंग कसा होता?"

"छान तांबूस होता. पिठासारखी मऊ केली होती मी."

"आणि वरचं पाणी?"

"ते ओतून दिलं."

"कुठं?"

"मोरीत."

मला वाटतं, ते मला त्या क्षणीच समजलं. पाण्याखाली काळी पडलेली माती हवेत वाळली की लाल होते, कारण विरघळलेलं लोखंड पुन्हा गंजतं. गंज आला की कुलूप आलं. सुटलेला सोमल मी स्वतःच्या हातानं पुन्हा कुलपात घातला, आणि जो पाण्यात होता तो नाशिकच्या गटारात सोडला. ज्याच्यासाठी तू पाण्याखाली झाकणं लावलीस तेच नेमकं मी काढून टाकलं, आणि उरलेलं नीटनेटकं करून दिलं. मी गबाळी असते तर ही चूक माझ्या हातून झाली नसती.

तू घास संपवलास, हात धुतलेस आणि म्हणालीस, "उद्या पेठची पहिली जीप किती वाजता असते?"

त्या जीपमधलं आपलं भांडण अजून मिटलेलं नाही.

"मी सांगते त्यांना," मी म्हटलं.

"काय सांगशील?"

"की माती मी वाळवली."

"नमुना माझा, अहवालावर नाव माझं, फोन माझा. रंग विचारायला हवा होता, तो मी एक वर्ष विचारला नाही. तू बोलायचं नाहीस."

"शरयू, हा मोठेपणा आहे."

"मोठेपणा नाही. त्यांना आज एकच गोष्ट कळायला हवी, की मातीत दोष आहे. कोणाच्या गच्चीवर काय वाळत होतं याची गोष्ट सांगत बसलो तर तेवढीच लक्षात राहील."

तुझं बरोबर होतं. पण शरयू, मी तुझ्याशी आणखी भांडले नाही, कारण मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तू ओळखलं असशील, तर तूही मला सांगितलं नाहीस.

पाड्यावर समाजमंदिराच्या ओट्यावर माणसं जमली. तू उभी राहिलीस आणि एका वाक्यात सांगितलंस, "मागच्या वर्षी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं." एक म्हातारा म्हणाला, "मास्तरीणबाई, मंग कागद खरा का लोंबी खरी?" तू म्हणालीस, "लोंबी खरी." कोणी हसलं नाही. कोपऱ्यातून एक बाई म्हणाली, "आमची पोरं वरीसभर हाच भात खात्यात. त्याचं काय?"

दुसरी कोणी असती तर धीर दिला असता. तू म्हणालीस, "मला माहीत नाही. तांदूळ तपासून सांगते. तोवर भात भरपूर पाण्यात शिजवा, ते पाणी ओतून द्या. पेज पिऊ नका. नागली जास्त खा."

पेज पिऊ नका! त्या गावात ताप आलेल्या मुलाला, बाळंतिणीला, म्हाताऱ्याला पेज देतात. मी ओट्यासमोरच्या खाचराच्या बांधावर उभी होते तिथून मला त्या बायकांचे चेहरे दिसत होते. तुझ्या शेजारी येऊन उभं राहायला मला वीस पावलं होती. मी ती चालले नाही.

मग तू त्याच ओट्यावरून खाचरात उतरलीस आणि नव्यानं नमुने घेतलेस. सोनीबाई बराच वेळ लांब उभी होती. शेवटी पदर खोचून आली आणि तुझ्या हातून बाटली घेऊन पाण्याखाली धरली. "सरका. तुमाला आताशी वाकता येत नाय." बाकीच्यांना ती मोठ्यानं म्हणाली, "चुकली तं चुकली. परत आली ना? कोण येतं परत?"

या वेळी माती ओलीच गेली, बर्फात, बाटलीसकट, आणि पोचवायला तू स्वतः गेलीस. उत्तर यायचं तेच आलं. शेडवाल्यानं खाद्य बदललं. कोंबडखत थांबलं. पण आधी पडलेलं मातीत होतंच, त्यासाठी तू उपाय सांगितलास. आवणीनंतर, म्हणजे रोपं लावल्यावर, महिन्याभरानं बांध फोडून खाचर रिकामं करायचं, मातीला भेगा पडेपर्यंत वाळू द्यायचं, मग पुन्हा पाणी धरायचं. म्हणजे मी गच्चीवर अज्ञानानं केलं, ते तू शेतात जाणून करायला लावलंस. हे तुझ्या लक्षात आलं होतं का? आलंच असणार. तू माझ्याकडे बघून कधी हसली नाहीस, हे तुझे उपकार.

भर पावसाळ्यात मिळालेलं पाणी सोडून द्यायचं, हे कोणाला पटेना. पहिला बांध सोनीबाईनं फोडला. त्या वर्षी तिच्या लोंब्या वाकल्या.

त्या वर्षभरातल्या पेजेनं कोणाला काही झालं का, हे तू पुढे दर वर्षी जाऊन विचारत राहिलीस. झालेलं दिसलं नाही. पण "दिसलं नाही" आणि "झालं नाही" या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे तूच मला शिकवलंस. म्हणून मी हे पत्र "शेवट गोड" असं म्हणून संपवू शकत नाही.

काल सोनीबाई आली. तू गेल्याचं तिला उशिरा कळलं. नव्या भाताचे पोहे घेऊन आली होती. तुझ्या खुर्चीकडे बघत बसली. मी तिला चहा दिला आणि सगळं सांगितलं. ताटं, साडीचं कापड, वस्त्रगाळ, पिशव्या. मधे थांबले नाही, थांबले असते तर पुन्हा राहिलं असतं.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आन ते पानी मोरीत वतलं?"

"हो."

"म्हंजी आमचं इख तुमच्या नाशकाला पाजलं," असं म्हणून ती हसली. पण हसू लगेच गेलं. "वैनीबाई, हे त्या व्हत्या तवा सांगायचं व्हतं. मी त्यांना लय बोलली होती मनात. दारात भारा टाकून गेली, पानीसुदा घेतलं नाय. ते त्यांच्या वाट्याचं नव्हतं."

"नव्हतं," मी म्हटलं.

"आता कुनाला बोलू? तुमी तं चहा पाजताय."

जाताना तिनं माझा हात धरला नाही, काही समजूतही घातली नाही. पोहे मात्र ठेवून गेली.

ती गेल्यावर मी तुझी त्या वर्षाची वही काढली. पानाच्या तळाशी तुझ्या तिरक्या अक्षरात आहे, "नमुने निकामी. दोष माझा." त्याखाली मी पेनानं लिहिलं, "नमुने मी वाळवले." खाली सही केली, कालची तारीख घातली. तुझी ओळ खोडली नाही. तो तुझा वाद आहे, तुझ्याजवळ राहू दे. माझी ओळ माझ्याजवळ.

शरयू, तुझ्याइतकं स्वच्छ माणूस मी पाहिलं नाही, आणि तुझे हात कधी स्वच्छ नसत.

ईरा, अमेय, तुम्ही याल तेव्हा दाखवण्यासारखं एवढं उरलं आहे. वहीत दोन ओळी आहेत. सोनीबाईचा बांध दर वर्षी श्रावणात फुटतो आणि पुन्हा बांधला जातो. आणि फडताळात मागे एक मधाची बाटली आहे. दुसऱ्या वर्षी भरलेली, मेण लावून बंद केलेली. पट्टी माझ्या अक्षरातली, झाकण तिनं लावलेलं. आतली माती अजून काळी आहे.